परदेशचा मुक्काम आणि भ्रमणध्वनीची तजवीज

उल्हासच्या खाडीकाठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. पुढे ठाण्याचा औद्योगिक विस्तार झाला तेव्हा सँडोझ, बायर यांसारख्या कंपन्यांचे रसायनांचे कारखाने कोलशेत रस्त्यावर उभे राहिले, आणि ते कारखाने उठून त्यांच्या जागी अलीकडे उत्तुंग गृहसंकुलांचे जे नगर वसले आहे, त्यातील पुष्कळ घरांची स्थिती अशी आहे की मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला आणि आईवडील येथे अठराव्या मजल्यावर. ही वडील मंडळी चैत्र-वैशाखात मुलांकडे निघतात आणि गणपती किंवा दिवाळी जवळ आली की परततात. प्रवासाची सिद्धता महिनोन्महिने चाललेली असते. मेतकूट आणि गोडा मसाला वजन करून बांधला जातो, औषधांची सहा महिन्यांची बेगमी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बॅगेत जाते, विम्याचे कागद दोन-दोन प्रतींत काढले जातात. आणि फोनचा विचार तेवढा निघण्याच्या आदल्या रात्री, नाही तर सहारच्या विमानतळावर सामान सोपवून झाल्यानंतर, तेथील एखाद्या खिडकीपाशी घाईघाईने केला जातो. ज्या वस्तूवर परदेशातील सारा मुक्काम अवलंबून असतो तिच्याविषयी एवढी अनास्था असू नये, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार येथे करावयाचा आहे.

‘तिकडे कोणते सिमकार्ड स्वस्त पडेल?’ हा प्रश्न सर्वजण प्रथम विचारतात, पण तो वास्तविक दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न येथल्या क्रमांकाचा आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपला दहा आकडी क्रमांक हा केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नसून तो एक दस्तऐवज झाला आहे. बँकेतून पैसे हलवावयाचे तर त्याच क्रमांकावर ओटीपी येतो, आधारची पडताळणी त्याच क्रमांकावर होते, जुलैअखेरच्या आत आयकराचे विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याचे जे ई-सत्यापन करावे लागते तेही बहुतेक लोक आधारच्या ओटीपीनेच करतात, आणि निवृत्तिवेतनधारकाला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असेल तर त्या कामातही हाच क्रमांक पुढे येतो. इतकेच काय, कोलशेतच्या नव्या संकुलात आपल्या बंद घराशी कोणी कुरियर घेऊन आला तर फाटकावरचा पहारेकरी ॲपवरून परवानगी विचारतो, आणि ती विचारणा न्यू जर्सीत मध्यरात्री उमटते. असा क्रमांक सहा महिने निर्जीव पडू देणे म्हणजे आपल्या येथील सर्व व्यवहारांचे दप्तर स्वतःच कुलूपबंद करणे होय.

दूरच्या आप्ताशी संपर्क साधण्याची सोय आपल्या प्रांताला नवी नाही. १९२७ साली खडकी येथून संदेश पाठविणारे आणि दौंड येथे ते ग्रहण करणारे अशी दोन बिनतारी केंद्रे उभी राहून हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामध्ये बिनतारी तारांची सेवा सुरू झाली होती. स्वातंत्र्यानंतर हा सारा परदेश-संचाराचा कारभार सरकारी खात्याकडे आणि १९८६ पासून विदेश संचार निगमाकडे राहिला. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण केले, आणि त्यानंतर दूरध्वनी घराला बांधलेला न राहता माणसाला बांधला गेला. घराचा फोन कोलशेतलाच राहत असे. माणसाचा फोन माणसाबरोबर देशांतर करतो, आणि आजचे सर्व प्रश्न या देशांतरातून निघालेले आहेत.

हे देशांतर कसे घडते ते एकदा नीट समजून घेतले म्हणजे पुढच्या निवडीतील निम्मी अडचण दूर होते. सिमकार्डात पंधरा आकड्यांची एक ओळख-संख्या कोरलेली असते आणि तिचे पहिले तीन आकडे देश दर्शवितात. भारताच्या सिमकार्डांचा आरंभ ४०४ किंवा ४०५ यांनी होतो. नेवार्कच्या विमानतळावर उतरून आपण फोन चालू केला की तो तेथील एखाद्या मनोऱ्याला ही संख्या कळवितो, तेथील कंपनी आकडे पाहून हा ग्राहक भारतातील अमुक कंपनीचा आहे असे ओळखते आणि त्या कंपनीच्या मूळ नोंदवहीकडे विचारणा करते की याला सेवा द्यावी काय, आणि मूळ कंपनीने होकार दिला म्हणजे आपल्या पाहुण्यांच्या नोंदवहीत त्याची तात्पुरती नोंद करते. गाव बदलल्यावर पोस्टात नवा पत्ता लिहून द्यावा आणि पत्रे आधी जुन्या गावी येऊन मग नव्या पत्त्यावर रवाना व्हावीत, तसाच हा प्रकार आहे. ठाण्यातील शेजाऱ्याने आपल्याला लावलेला फोन आधी भारतीय कंपनीकडे जातो आणि मग ती कंपनी तो समुद्रापार पाठविते, म्हणून रोमिंगमध्ये आलेल्या फोनाचेही पैसे आपल्याकडून वसूल होतात. इंटरनेटचेही बहुधा असेच होते. रोमिंगवर असताना न्यू जर्सीतील शेजारच्या दुकानाचा पत्ता शोधला तरी ती विचारणा मूळ कंपनीच्या द्वारातून फिरून येते. त्यामुळे वेग थोडा मंदावतो. या वळशाचा एक लाभ मात्र असा की ज्या चीनमध्ये स्थानिक जाळ्यावर व्हॉट्सॲप उघडत नाही, तेथे भारतीय रोमिंगवर ते सामान्यतः चालते.

आता आपल्या क्रमांकाचे रक्षण. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ साली असा दंडक घातला की प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस कोणत्याही वापराविना राहिल्याखेरीज तो बंद करता येणार नाही, आणि खात्यात वीस रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर वापराच्या अभावाच्या सबबीवर तो काढून घेता येणार नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. परंतु क्रमांक आपल्या नावावर राहणे आणि त्यावर संदेश येत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि रिचार्जची मुदत संपल्यावर संदेश येणे थांबू शकते हे विसरून चालणार नाही. परदेशी राहणाऱ्याला येथील सिमवर इंटरनेट नको असते. त्याला केवळ संदेश आणि अडीअडचणीचे बोलणे हवे असते. अशाच ग्राहकांच्या हिताचा दुसरा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला: प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे आणि संदेश यांचा, इंटरनेटविरहित असा निदान एक तरी रिचार्ज ठेवलाच पाहिजे, आणि अशा विशेष रिचार्जची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवस करण्यात आली. सहा महिन्यांसाठी निघालेल्या जोडप्याने याच वर्गातील दीर्घ मुदतीचा रिचार्ज करून निघावे. दुकानदार बहुधा दररोज दीड-दोन जीबीचा पॅक पुढे करील, कारण सर्वांच्या तोंडी तोच असतो, पण आपण नाव घेऊन हा मागावा.

रिचार्ज झाला तरी परदेशातील जाळे आपल्या सिमला ओळख देईल ती आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू असेल तरच. ही सेवा घरी असतानाच, कंपनीच्या ॲपवरून किंवा दुकानात जाऊन, चालू करून घ्यावी. तिकडे पोहोचल्यावर ती चालू करावयाची म्हटले तर नेमका ज्या ओटीपीने ती चालू होणार तोच येत नाही. बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशाला आकार लावीत नाहीत, परंतु पाठविलेल्या संदेशाला आणि उचललेल्या फोनाला लावतात, आणि प्रत्येकीची अट वेगळी असते; म्हणून ‘रोमिंगचा पॅक न घेता मला येणारा एसएमएस मिळेल काय?’ हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत विचारून खुलासा करून घ्यावा. न उचललेला फोन व्हॉइसमेलकडे किंवा अन्य क्रमांकाकडे वळविण्याची जी व्यवस्था असते ती निघण्यापूर्वी काढून टाकावी, कारण परदेशातून वळलेला फोन दोनदा समुद्र ओलांडतो. बँकेचा मदत-क्रमांक १८०० ने सुरू होणारा असेल तर तो परदेशातून बहुधा लागत नाही. त्याच बँकेचा +९१ लावून फिरविता येणारा साधा क्रमांक लिहून घ्यावा, आणि घरचे इतर सर्व क्रमांकही +९१ सह जतन करावेत.

एक प्रथा मी अनेक घरांत पाहिली आहे आणि तिला माझा स्पष्ट विरोध आहे. भारतीय सिम काढून येथील भाच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवावयाचे आणि ओटीपी आला की त्याने तो फोनवरून वाचून दाखवावयाचा, असा हा शिरस्ता असतो. भाचा सर्वथा प्रामाणिक असेल. परंतु आपल्या बँक-खात्याची किल्ली ज्या सिममध्ये आहे ते आपल्या हातून जाऊ देणे, आणि ओटीपी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची वृद्ध माणसाला सवय लावणे, या दोन्ही गोष्टी फसवणुकीचा मार्ग मोकळा करतात. सिम आपल्या फोनात, आपल्याजवळच असले पाहिजे.

यासाठी फोनात दोन क्रमांक राहण्याची सोय हवी, आणि आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत ती असते. खोळंबा होतो तो अन्य कारणाने. अमेरिकेत जुन्या पिढीची जाळी आता जवळजवळ राहिलेली नाहीत. एटी अँड टीने आपले ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केले आणि त्याच वर्षअखेरीस व्हेरिझॉननेही. त्यामुळे तेथे साधा फोन लावावयाचा तरी तो ४जीच्या जाळ्यावरून, व्होल्टे या पद्धतीने जावा लागतो, आणि तेथील कंपनी ती मुभा सर्वच फोनांना देत नाही. भारतात घेतलेला एखादा उत्तम फोनही तेथे इंटरनेट चालवितो आणि बोलणे नाकारतो, असा अनुभव त्यामुळे येतो. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद केले, आणि तेथे तर जो फोन ०००, म्हणजे तेथील आपत्कालीन क्रमांक, नव्या जाळ्यावरून लावू शकत नाही त्याला सेवा देऊ नये असाच कायदा आहे. याची परीक्षा घरबसल्या होऊ शकते: फोनच्या आकड्यांच्या पाट्यावर *#०६# दाबले की लागलीच पडद्यावर पंधरा आकड्यांची आयएमईआय संख्या उमटते, दोन सिमच्या फोनात अशा दोन संख्या दिसतात, त्या टिपून मुलांकडे पाठवाव्यात आणि त्यांनी तेथील कंपनीच्या पडताळणीच्या पानावर घालून पाहाव्यात. मुलगा आपला जुना फोन देणार असेल तर तो कोणा कंपनीच्या करारात कुलूपबंद नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर योजनेची निवड सोपी होते, आणि ती मुख्यतः मुदतीवर अवलंबून ठेवावी असे माझे मत आहे. आठ-दहा दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाने आपल्याच भारतीय कंपनीचा रोमिंग-पॅक घ्यावा. तो महाग असला तरी दहा दिवसांसाठी परक्या मुलखात सिम शोधत हिंडण्याचे श्रम वाचतात आणि क्रमांक तोच राहतो. मात्र पॅकमध्ये कोणकोणते देश अंतर्भूत आहेत ती यादी वाचावी, आणि वाटेत जेथे विमान बदलावयाचे तो देशही तीत आहे काय ते पाहावे. दोहा किंवा फ्रँकफर्ट येथे तीन तास थांबलेला फोन चालू राहिला तर दिवसाच्या हिशेबाने चालणारा पॅक तेथेच सुरू होऊन जातो. विमानात आणि सागरी क्रूझवर तर वेगळीच उपग्रहाधारित जाळी असतात, ती सामान्य पॅकमध्ये धरलेली नसतात, आणि त्यांचा आकार पाहिल्यावर माणूस चकित होतो. तेथे फोन विमान-अवस्थेतच ठेवावा.

महिन्याहून अधिक मुक्काम असेल तर मात्र स्थानिक क्रमांक घेणेच इष्ट. अमेरिकेत जाहिराती शेकडो कंपन्यांच्या दिसल्या तरी देशभरचे मनोरे मुख्यतः तिघांचे आहेत: व्हेरिझॉन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. मिंट, क्रिकेट, व्हिजिबल, टेलो ही नावे याच तिघांपैकी कोणाच्या तरी जाळ्यावर चालतात आणि पुष्कळ स्वस्त पडतात. फरक असा की मनोऱ्यावर गर्दी झाली म्हणजे मोठ्या कंपनीच्या थेट ग्राहकाला बहुधा अग्रक्रम मिळतो. तेव्हा किमतीच्या आधी मुलाच्या घरी, त्याच्या रस्त्यावर, कोणाचे जाळे चांगले पोहोचते ते त्यालाच विचारावे. त्याची कुटुंब-योजना असेल तर तीत एक-दोन क्रमांक वाढविणे पुष्कळदा सर्वांत सोयीचे ठरते, कारण ग्राहकांची संख्या वाढते तसा दर माणशी आकार उतरतो, आणि करार मुलाच्या नावे असल्याने आईवडिलांना तेथील सोशल सिक्युरिटी क्रमांकाची किंवा पत-पडताळणीची अडचण पडत नाही. ते शक्य नसेल तर दरमहाचे प्रीपेड घ्यावे. जाहिरातीतील रकमेवर राज्याचे कर बहुधा वेगळे चढतात, तीन महिन्यांचा स्वस्त आरंभ-दर पुढे वाढतो, आणि ‘अमर्याद’ इंटरनेट ठराविक मर्यादेनंतर मंद होते, हे तीन तपशील बारीक अक्षरांत असतात. वृद्ध माणसाचा बहुतेक वेळ घरच्या वायफायवर जातो. बाहेर पडल्यावर नकाशा आणि व्हॉट्सॲप यांपुरते इंटरनेट पुरते, त्यामुळे मोठ्या योजनेचा मोह धरण्याचे कारण नाही. मिनिटांवर मोजणारी योजना घेतली तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: आपल्याकडे मे २००३ पासून येणाऱ्या फोनाचा आकार बंद झाला, पण अमेरिकेत येणाऱ्या फोनाचीही मिनिटे मोजली जातात.

मुलांच्या घरी आईवडिलांची खोली बहुधा तळघरात असते, आणि तेथे मनोऱ्याचा संकेत क्षीण पोहोचतो. म्हणून वायफाय-कॉलिंग चालू करून घ्यावे. ते चालू करताना अमेरिकी कंपन्या एक पत्ता विचारतात. पुष्कळ लोक हा कागदी सोपस्कार समजून काहीतरी भरून मोकळे होतात. परंतु ९११ या तेथील आपत्कालीन क्रमांकावर फोन केला आणि तो वायफायवरून गेला तर रुग्णवाहिका याच पत्त्यावर रवाना होण्याचा संभव असतो. म्हणून मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता, घरक्रमांकासह, तेथे अचूक भरला आहे याची खात्री मुलाने स्वतः करून घ्यावी, आणि मुलीकडे महिनाभर राहावयास गेल्यावर तो बदलावा.

फोनाच्या आत कामाची वाटणीही पहिल्याच दिवशी करून टाकावी. इंटरनेट आणि नेहमीचे बोलणे स्थानिक क्रमांकाकडे द्यावे, भारतीय क्रमांकाचे डेटा-रोमिंग बंद करावे, आणि तो क्रमांक केवळ संदेशांसाठी जागा ठेवावा. व्हॉट्सॲप भारतीय क्रमांकावरच राहू द्यावे; ते स्थानिक इंटरनेटवर बिनदिक्कत चालते. ठाण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि कर्ज देऊ करणाऱ्यांचे फोन नेमके त्याच वेळी येतात. ते उचलू नयेत, उचलल्यास पैसे पडतात. ज्यांच्यापाशी आयफोन आहे त्यांनी हेही जाणून असावे की सिम बदलल्यावर आयमेसेज आणि फेसटाइम यांची नोंदणी करण्यासाठी फोन आपण होऊन एक अदृश्य एसएमएस परदेशी पाठवितो आणि त्याचा आकार भारतीय खात्यावर पडतो.

नायगारा न पाहता अमेरिकेहून परतणारे मराठी जोडपे विरळाच. तेथे धबधब्याच्या पलीकडच्या काठी कॅनडा आहे, आणि अमेरिकेच्या बाजूला कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाचा फोन पुष्कळदा कॅनडाचा मनोरा पकडतो. माणूस सीमा ओलांडीत नाही, त्याचा फोन ओलांडतो. स्थानिक योजनेत कॅनडाचा समावेश नसेल तर छायाचित्रे धाडण्याच्या उत्साहात तेथे शिल्लक संपते. युरोपात हाच घोटाळा स्वित्झर्लंडमध्ये होतो. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या देशांमधील रोमिंगचा वेगळा आकार बंद केला, म्हणून जर्मनीत घेतलेले सिम फ्रान्स-इटलीत त्याच दराने चालते. परंतु स्वित्झर्लंड संघात नाही, ब्रिटनही बाहेर पडले आहे, आणि आपल्या सहलींचा मुकुटमणी असलेले युंगफ्राऊ नेमके त्या नियमाबाहेर आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, परंतु बोलणे होत नाही. दुबईला मुलाकडे राहणाऱ्याने तेथील मान्यताप्राप्त ॲप किंवा परदेशी बोलण्याची मिनिटे असलेली योजना घ्यावी. जपानमध्ये प्रवाशांना विकली जाणारी सिमकार्डे बहुतांशी केवळ इंटरनेटची असतात, त्यांवर बोलण्याचा क्रमांकच नसतो.

हाच दोष प्रवासी ई-सिममध्येही आहे. फोनात आपोआप उतरणारे, चिमटीत धरावे लागत नाही असे हे सिम इंटरनेटसाठी उत्तम. पण बहुतेकांना क्रमांक नसल्याने रुग्णालय, विमान-कंपनी किंवा टॅक्सीवाला तुम्हाला फोन करू शकत नाही. शिवाय परदेशी सिम भारतात विकण्यास दूरसंचार खात्याची परवानगी लागते, आणि तिच्या अभावी जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय यांसारख्या प्रसिद्ध सेवांची ॲप सरकारच्या आदेशाने येथील भांडारातून काढली गेली. ई-सिमच्या संदर्भात आणखी एक गोष्ट: अमेरिकेत विकला जाणारा आयफोन १४ पासून पुढचा फोन सिमच्या खाचेविनाच येतो, मुलाने निरोपादाखल तो दिला तर येथे आल्यावर भारतीय क्रमांकही ई-सिममध्ये करून घ्यावा लागेल, आणि ते काम जुना फोन हाताशी आणि चालू असतानाच करावे.

परतीच्या आठवड्यात तेथील क्रमांकाचाही हिशेब पुरा करावा. मुलाच्या कार्डावरून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम थांबवावी. त्या क्रमांकावर दवाखाना, औषधांचे दुकान, ग्रंथालय यांनी नोंद केली असेल तर तेथे मुलाचा क्रमांक द्यावा, आणि कोठे त्यावर ओटीपी येत असेल तर ती जोड तोडावी. कारण अमेरिकेच्या नियमानुसार सोडलेला क्रमांक किमान पंचेचाळीस दिवस विश्रांती घेऊन दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. पुढच्या चैत्रात पुन्हा जावयाचे असेल आणि तोच क्रमांक हवा असेल, तर एखाद्या स्वस्त योजनेवर तो जिवंत ठेवता येतो. सहा महिन्यांच्या त्या खर्चापेक्षा नवा क्रमांक घेऊन सर्वांना कळविणे पुष्कळांना परवडते, परंतु तेथे ज्यांचे औषधोपचार चालू असतात त्यांनी पहिलाच मार्ग धरावा.